तेकिजुकु : एका चटईचे स्थान

ओसाका शहराच्या किताहामा भागात, उंच कचेऱ्यांच्या गर्दीत, एक दुमजली लाकडी घर जपून ठेवलेले आहे. ओगाता कोआन (१८१०–१८६३) या वैद्याने १८३८ साली सुरू केलेली डच विद्येची पाठशाळा, तेकिजुकु, पुढे याच घरात नांदली. सध्या ही वास्तू ओसाका विद्यापीठाकडे असून डागडुजीनंतर १९८० पासून लोकांस पाहावयास खुली आहे.

अतिशय उभ्या जिन्याने आम्ही माडीवर गेलो. विद्यार्थी राहत ती ही मोठी खोली. प्रत्येकाच्या वाट्यास एकच तातामी, म्हणजे एक चटई; तेवढ्यातच निजणे, वाचणे, लिहिणे. वाटेवरची चटई मिळाली तर रात्री येणारे-जाणारे अंगावर पाय देत. भिंतीकडची मिळाली तर दिवसाही दिवा लागे. महिन्याच्या वाचन-परीक्षेत जो वर येई तो आपली जागा प्रथम निवडी. बाप कोण, हे तेथे विचारले जात नसे. शेजारच्या लहान खोलीत डच-जपानी शब्दकोश असे, हाताने उतरलेला, सर्वांमिळून एकच. परीक्षा जवळ आली की त्याच्याभोवती रात्रभर दिवे जळत.

फुकुझावा युकिची १८५५ साली येथे आला. त्याचे वडील नाकात्सु संस्थानातील खालच्या दर्जाचे सामुराई. मुलाला भिक्खू करावे, अशी त्यांची इच्छा होती. कारण मासळी विकणाऱ्याचा मुलगाही महास्थविर होऊ शकेल असे ठिकाण त्या काळी एकच, विहार. वडिलांच्या मनातील ही व्यथा आठवून आपण रडलो, असे फुकुझावाने आत्मचरित्रात लिहिले आहे.

हे वाचताना आम्हांस उपालि आठवला. शाक्य कुमारांनी आपला अहंकार गळावा म्हणून आपल्या न्हाव्यास आधी उपसंपदा देण्याची विनंती तथागतांना केली आणि मग त्यालाच वंदन केले. संघात आसनाचा क्रम उपसंपदेवरून ठरे, कुळावरून नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उपालिची धम्मदीक्षा आपल्या ग्रंथात मुद्दाम सांगितली आहे.

परंतु जपानातील हिशेब येथे संपत नाही. १७७१ साली एदो येथे सुगिता गेन्पाकु आदी वैद्यांनी शवविच्छेदन पाहिले आणि त्यातूनच १७७४ चा ‘काइताइ शिन्शो’ हा शरीररचनेचा अनुवादग्रंथ निघाला. डच वैद्यकास जपानात बळ आले ते येथून. त्या दिवशी शव कापून एकेक अवयव दाखविणारा हात मात्र एका नव्वद वर्षांच्या ‘एता’चा, म्हणजे अस्पृश्याचा होता. नातू आजारी म्हणून तो आला होता. सुगिताच्या आठवणींत नातवाचे नाव आहे; म्हाताऱ्याची ओळख तेवढीच, त्याचा आजोबा.

१८७१ च्या फर्मानाने ‘एता’ हे नामाभिधान रद्द झाले. तरीही ज्या विहारांत मासळीवाल्याच्या मुलास महास्थविर होता येत होते, त्यांपैकी कित्येकांनी या लोकांच्या थडग्यांवरील धम्मनामांत ‘पशू’ या अर्थाचे अक्षर कोरले होते. असे दगड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही स्मशानांत सापडत होते.