जेएफएफएस: स्वीडनहून रायगडला पोचलेला कोड

राउटरची वीज गेली, परत आली, आणि सेटिंग जशीच्या तशी. यामागे बरीच मेहनत आहे, आजची गोष्ट तिचीच.

छोट्या डिव्हाइसमध्ये हार्ड डिस्क नसते, फ्लॅश चिप असते. तिच्यावर लिहिलेलं थेट बदलता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि तेवढ्यात वीज गेली की डेटा गेला! शिवाय त्या काळी एक ब्लॉक साधारण लाखभर वेळा पुसला की चिप थकायची.

स्वीडनच्या ॲक्सिस कम्युनिकेशन्सने (आपली बँक नव्हे!) यासाठी जेएफएफएस ही फाइल सिस्टिम लिहिली. जुनं खोडायचं नाही, वहीसारखं पुढे लिहीत जायचं. १९९९ च्या शेवटी त्यांनी कोड जीपीएलखाली खुला केला. तो लिनक्स २.० साठी होता. नव्या कर्नलवर पोर्ट केला बाहेरच्या लोकांनी.

परक्यांनी कोड हाताळला, तशा उणिवा दिसल्या. जागा मोकळी करताना चांगला डेटाही उगाच हलवला जायचा, फ्लॅश फुकट झिजायची. कॉम्प्रेशनही नव्हतं. म्हणून २००१ मध्ये डेव्हिड वुडहाउस यांनी जेएफएफएस२ नव्याने लिहिली.

तीच पुढे ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’च्या लॅपटॉपमध्ये आली. २००७ मध्ये ते लॅपटॉप आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या शाळेतही पोचले.

ॲक्सिसने कोड कुलपात ठेवला असता, तर तो त्यांच्याच कॅमेऱ्यांत राहिला असता. तेव्हा तुमचं पोर्टिंग अडलं असेल, तर नुसतं ‘चालत नाही’ म्हणू नका, कोड दाखवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!