मेनिस्कस फाटणे : धोका वाढवणारे घटक

गुडघ्यात मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये बसलेल्या दोन अर्धचंद्राकृती कूर्चांना मेनिस्कस म्हणतात. या कूर्चा इजेमुळे अचानक फाटतात किंवा झिजून हळूहळू फाटतात. दोन्हींची कारणे बरीच वेगळी आहेत.

पाय जमिनीवर रोवलेला आणि गुडघा वाकलेला असताना शरीर एकदम वळले, की निरोगी मेनिस्कसही फाटते. म्हणून फुटबॉल, रग्बी, कबड्डी यांसारख्या खेळांत तरुणांना हा धोका अधिक असतो. एसीएल हा अस्थिबंध तुटतो त्याच वेळी बहुधा बाहेरच्या बाजूची मेनिस्कस फाटते. आतली मेनिस्कस शेजारच्या अस्थिबंधाला घट्ट जोडलेली असल्याने कमी सरकते. एसीएल तुटल्यावर गुडघा अस्थिर राहिला, तर जास्त ताण या आतल्या मेनिस्कसच्या मागच्या भागावर येतो. एसीएलच्या शस्त्रक्रियेला वर्षाहून अधिक उशीर झाल्यास ती फाटण्याची शक्यता स्पष्टपणे वाढते. हा घटक टाळता येण्याजोगा असल्याने विशेष महत्त्वाचा आहे.

झिजेमुळे फाटण्यात साठीपुढचे वय, पुरुष असणे, तसेच कामानिमित्त वारंवार गुडघे टेकणे, उकिडवे बसणे व जिने चढणे हे घटक आढळतात. फरशी बसवणारे कामगार या गटात येतात. आतल्या मेनिस्कसचे मागचे मूळ तुटण्याचा प्रकार मात्र मध्यमवयीन स्त्रियांत जास्त दिसतो. लठ्ठपणा आणि बाहेर वाकलेले गुडघे त्याला हातभार लावतात.

काहींची बाहेरची मेनिस्कस जन्मतःच चकतीसारखी जाड असते. ती लहान वयात, मोठ्या इजेशिवायही फाटू शकते. आशियाई लोकांत ही ठेवण तुलनेने अधिक आढळते.