विटांचं अंडं

गटारं धुणाऱ्या जेटिंगच्या गाडीवर मी एकोणीस वर्षं ऑपरेटर होतो. सगळी पहाटेची कामं, कारण तेव्हा गटारात पाणी कमी असतं. भायखळ्याकडच्या एका जुन्या मॅनहोलमध्ये पहिल्यांदा टॉर्च मारली, तर खाली गोल पाइप नव्हताच. विटांचं अंडं होतं, निमुळतं टोक खाली केलेलं. पाणी थोडं असलं तरी अरुंद तळातून जोरात पळावं, गाळ बसूच नये, हा त्यामागचा हिशेब.

1860 साली विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं आणि वापरलेलं पाणी सोडायचं कुठे, हा घोर लागला. तोवर हलालखोर टोपल्यांतून मैला वाहायचे. त्याच नावाचा करही घरमालकांकडून घेतला जायचा. 1872 मध्ये पालिकेचे इंजिनियर हेक्टर टलॉक यांनी शहराच्या मैलापाण्यावर भलामोठा अहवाल लिहिला. पुढे गटारं झाली आणि मैला वरळीच्या लव्हग्रोव्हकडे वाहू लागला.

पण मोऱ्यांतून भांड्यांची राख-वाळू यायची, हॉटेलांतून तेल. कागदावरचं अंडं तुंबलं की माणूस आत. बांबूच्या खपच्या एकीला एक बांधून ढोसायच्या, नाहीतर कमरेला दोर लावून स्वतःच उतरायचं. आमचा म्हातारा मुकादम सांगायचा, "वास यायचा थांबला ना, की पळायचं." बरोबरच होतं त्याचं. गटारातला वायू वाढला की आधी नाकच मारतो. हातानं मैला साफ करायला बंदी घालणारा 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला. त्यानंतरही माणसं उतरलीच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माणसाऐवजी आमच्या गाडीचं नोझल आत जायचं. नोझल म्हणजे पेरूएवढा धातूचा गोळा. भोकं मागच्या अंगाला, तिरपी. शंभर-दीडशे बारचं पाणी मागे उसळतं आणि त्या धक्क्यानं गोळा पुढे सरकतो, होज ओढत, प्रवाहाच्या उलट. म्हणून गाडी नेहमी खालच्या मॅनहोलवर लावायची. निघालेला गाळ आपल्याकडेच वाहत येतो. फिरत्या नोझलचं डोकं मात्र दिवाळीतल्या भुईचक्रासारखं गरगरतं. साधी धार फक्त तळ धुते, हे चारी बाजूंचा चरबीचा थर खरवडतं.

नव्या पाइपात हे फिरतं नोझल लावावं. विटांच्या अंड्यात लावायचा मला धीर नव्हता. शे-सव्वाशे वर्षांचा चुना सांध्यांतून निघून यायचा. तिथे साधं नोझल, घसरपट्टीवर बसवलेलं, दाब कमी. मोठ्या गटारात नोझल मोकळं सोडलं तर उलटं वळून ऑपरेटरच्याच अंगावर येतं. एकदा माझ्यावर आलं. दात वाचले, चष्मा नाही.

काम संपलं की नोझल बादलीत बुडवायचं आणि तारेनं एकेक भोक मोकळं करायचं. एक जरी बुजलं तरी दुसऱ्या दिवशी नोझल एका अंगाला ओढतं. हे काम मी हेल्परला कधी दिलं नाही.