क्षीण झालेला स्वर

कंपवात म्हटला की थरथरणारा हात डोळ्यांपुढे येतो. परंतु १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी या व्याधीवर निबंध लिहिला, तेव्हा त्यांनी आणखीही काही टिपले होते. त्यांच्यापुढे रुग्ण सहाच; त्यांतील काही तर रस्त्यात भेटलेले. रुग्णाची वाणी अस्पष्ट होते, घास गिळणे अवघड जाते, ही त्यांची नोंद. १९६० नंतर लेव्होडोपा हे औषध आले. हातापायांचा ताठरपणा सैलावला. आवाजाला मात्र तितका गुण येईना.

१९८७ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लॉरेन रामिग व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली. रुग्णाला स्वतःचा क्षीण स्वरही पुरेसा वाटतो, हे त्यांनी हेरले. म्हणून शिकवण एकच : मोठ्याने बोला! रोज एक तास, आठवड्यातून चार दिवस, असे चार आठवडे. ब्रिटनमधील ३८८ रुग्णांच्या चाचणीचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. तेथील नेहमीच्या वाचोपचारांहून ही पद्धत सरस ठरली.

गिळण्याचा प्रश्न तर प्राणाशीच निगडित. श्वासनलिकेत उतरलेले अन्न फुप्फुसदाहास कारण होते. फ्लॉरिडातील संशोधकांनी ६० रुग्णांवर केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रकाशित झाला. श्वासाला अडवणाऱ्या झडपेच्या नळीत चार आठवडे जोराने फुंकणाऱ्यांचे गिळणे अधिक निर्धोक झाले.

व्यायामाने व्याधी हटत नाही. परंतु घरातल्या बोलण्यात रुग्णाचाही शब्द पुन्हा ऐकू येतो, आणि पंगतीतले त्याचे पान मांडलेले राहते.