शरीराला जोडलेले यंत्र आणि त्याची कसोटी

२०१६च्या ऑक्टोबरात झुरिकजवळच्या क्लोटेन इथे सायबॅथलॉन नावाची एक आगळी स्पर्धा भरली. झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक रॉबर्ट रीनर यांची ही कल्पना. कृत्रिम हात-पाय, एक्सोस्केलेटन आणि विजेवरच्या व्हीलचेअर वापरणारी माणसे तिथे स्पर्धक म्हणून उतरली आणि ती यंत्रे घडवणारे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. हाताच्या शर्यतीत कामे होती ती रोजच्या संसारातली: बरणी उघडायची, कपडे वाळत घालून चिमटे लावायचे, सामान उचलून न्यायचे. बहुतेकांच्या हाताला मोटर होती आणि ती स्नायूंतल्या विद्युतसंदेशांवर चालत होती. शर्यत जिंकली अमेरिकेच्या बॉब रॅडोसी यांनी. ते स्वतः अभियंते, आणि एक हात गमावलेले. त्यांच्या कृत्रिम हाताला ना मोटर होती, ना बॅटरी. खांद्याभोवतीच्या पट्ट्यातून निघालेली एक केबल होती आणि ती ताणली की पकड मिटत होती.

या निकालावरून मोटरचे हात कुचकामी ठरत नाहीत. त्यातून कळते ते वेगळेच. केबलचा ताण खांद्याला जाणवतो, त्यामुळे वस्तू किती घट्ट धरली आहे हे तिच्याकडे न पाहताही उमगते. मोटरच्या हातांपैकी बहुतेकांत असा निरोप माणसापर्यंत परत येत नाही. बोटे मिटली की नाही हे डोळ्यांनीच पाहावे लागते. प्रयोगशाळेत बोटांची संख्या, वेग आणि पकडीची ताकद मोजली असती, तर रॅडोसी यांचा हात बहुधा शेवटच्या क्रमांकांत आला असता. बरण्या आणि चिमटे पुढे ठेवल्यावर तो पहिला आला. या विषयात नव्याने येणाऱ्यांचे स्वागत मला याच प्रसंगाने करावेसे वाटते, कारण या पुस्तकातले जवळजवळ प्रत्येक प्रकरण शेवटी एकाच प्रश्नापाशी येते: यंत्राची परीक्षा कोणी घ्यायची, आणि कोणत्या कामावर?

हा प्रश्न जुना आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या एका थडग्यात ममीच्या उजव्या पायाला लाकूड आणि चामड्याचा अंगठा बसवलेला सापडला. तो सुमारे पावणेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीचा. तो केवळ मृतदेह पूर्ण दिसावा म्हणून लावला होता की त्यावर कोणी चालतही असे? मँचेस्टर विद्यापीठातील जॅकलिन फिंच यांनी तर्क लढवत बसण्याऐवजी त्याची प्रतिकृती करून घेतली, उजवा अंगठा नसलेल्या स्वयंसेवकांना ती दिली, त्या काळच्या धाटणीच्या चपला दिल्या आणि चालीचे मोजमाप केले. अंगठा कामाचा निघाला. उत्तर त्या वस्तूत दडलेले नव्हते. कोणीतरी ती घालून चालल्यावरच ते मिळाले.

आता सॉकेटविषयी. नवख्या वाचकाचे लक्ष हटकून मोटर, सेन्सर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाते. त्याला माझी विनंती आहे की त्याने आधी या साध्या दिसणाऱ्या कपापाशी थांबावे. पाय कापल्यावर उरलेला भाग, म्हणजे स्टंप, ज्यात बसतो तो हा सॉकेट. तळव्याची कातडी जन्मभर वजन पेलण्यासाठी घडलेली असते. नडगीची आणि पोटरीची तशी नसते. तरी कृत्रिम पायात शरीराचा सगळा भार याच कातडीवर येतो. म्हणून प्रॉस्थेटिस्ट, म्हणजे कृत्रिम अवयव घडवून बसवणारा तज्ज्ञ, प्लास्टरचा साचा घेतो आणि तो जसाच्या तसा ठेवत नाही. गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा दाब सोसते, तिथे तो साचा थोडा खोल करतो. नडगीचे हाड कातडीखाली लगेच लागते, तिथे जागा मोकळी ठेवतो. एवढे करूनही स्टंपचा आकार दिवसभर एकसारखा राहत नाही. सकाळी चपखल बसलेला सॉकेट संध्याकाळी ढिला पडतो, मग माणूस मध्येच बसून स्टंपवर आणखी एक मोजा चढवतो. मे महिन्यात घाम साचतो, कातडी सोलवटते, आणि जखम झाली की कितीही महागडा पाय आठवडाभर कोपऱ्यात उभा राहतो. मधुमेहामुळे पाय गेला असेल, तर तीच जखम पुढच्या शस्त्रक्रियेचे कारण ठरू शकते. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग इथे १९९०पासून हाडातच टायटॅनियमचा दांडा रोवून त्याला पाय जोडण्याची पद्धत विकसित होत गेली. तिने सॉकेट टळतो, पण कातडीतून धातू बाहेर येतो तिथे जंतुसंसर्गाची कायमची काळजी मागे लागते.

आपल्याकडे या क्षेत्राची परंपरा आहे आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ साली पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. पण जगाने दखल घेतली ती जयपूरच्या कामाची. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सवाई मानसिंग रुग्णालयातले अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तिथे नवा पाय घडवला. त्यामागे एक सरळ निरीक्षण होते. परदेशी धाटणीचा पाय बुटाशिवाय घालता येत नसे आणि घोट्यात वाकत नसे. शेतात अनवाणी चालणाऱ्या, उकिडवे बसणाऱ्या, मांडी घालून जेवणाऱ्या माणसाला तो घरी नेऊन काय उपयोग? जयपूर फूटमध्ये टाच आणि चवडा स्पंज रबराचा, आत लाकडाचा ठोकळा आणि बाहेरून साच्यात पक्के केलेले कातडीच्या रंगाचे रबर अशी रचना आहे. तो घोट्यात सर्व बाजूंनी वाकतो, पाण्याचिखलात चालतो आणि बुटाशिवाय वापरता येतो. डॉ. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या पुरस्काराइतकेच शर्मांच्या हातांचेही नाव घेतले जावे, असे मला मनापासून वाटते. रबर कसे वळते हे ज्याला हातांनी ठाऊक आहे, त्याच्यावाचून हा पाय कागदावरच राहिला असता.

इथे चाचणीचा मुद्दा पुन्हा पुढे येतो. कृत्रिम पायाच्या मजबुतीसाठी आयएसओ १०३२८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात यंत्र पायावर आळीपाळीने भार देते, ३० लाख वेळा. हे मोलाचे आहे. रस्त्यात मोडलेला पाय माणसाचा जीव घेऊ शकतो. पण त्या भारांचे गणित चालण्यातल्या पावलांवर बेतलेले आहे. उकिडवे बसताना घोट्यावर आणि गुडघ्यावर येणारा भार त्यात नाही, कारण ज्या समाजांत हे मानक घडले तिथे दिवसातून दहा वेळा जमिनीवर बसणे-उठणे होत नाही.

एक्सोस्केलेटन, म्हणजे अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा, हे या विषयाचे दुसरे अंग. १९६०च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने बनवलेला हार्डिमन सुमारे ६८० किलोंचा होता आणि त्याचा एकच हात नीट चालवता आला. त्याच सुमारास बेलग्रेडमध्ये मिओमिर वुकोब्रातोविच यांनी पक्षाघात झालेल्यांसाठी चालते सांगाडे उभे केले. हा इतिहास पुढे सविस्तर येतो. मला थांबायचे आहे ते २०१५ सालच्या एका छोट्या उपकरणापाशी.

स्टीव्ह कॉलिन्स, ब्रूस विगिन आणि ग्रेग सॉविकी यांनी घोट्यासाठी कार्बन फायबरची एक चौकट बनवली. वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मोटर नाही, पोटरीला समांतर एक स्प्रिंग आणि एक यांत्रिक क्लच. पाऊल टेकले की क्लच स्प्रिंगला धरतो. शरीर पावलावरून पुढे सरकताना स्प्रिंग ताणली जाते आणि टाच उचलताना ती ऊर्जा परत देते. पाय हवेत असताना क्लच सुटतो, म्हणजे पाऊल मोकळे हलते. पोटरीचा स्नायू नुसता ताण धरून ठेवतानाही ऊर्जा जाळत असतो. त्यातला काही भार स्प्रिंग उचलते. परिणाम: चालण्याची ऊर्जा सुमारे ७ टक्क्यांनी घटली. आकडा लहान दिसतो, पण निसर्गाने इतक्या काटेकोरपणे जुळवलेल्या चालीत बॅटरीशिवाय बचत करता येते, हेच आधी अनेकांना अशक्य वाटत होते. स्प्रिंग जास्त कडक केली की मात्र फायदा नाहीसा होतो. नेमका ताठरपणा कोणता, हे श्वासातला ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजणारा मास्क घालून माणसाला ट्रेडमिलवर चालवूनच सापडले.

२०१७ साली कॉलिन्स यांच्या गटाने माणूस चालत असतानाच त्याच्या श्वासावरून संगणक मदतीचा नमुना बदलत राहील अशी पद्धत मांडली. बचत सुमारे २४ टक्के. हे दोन्ही आकडे शेजारी ठेवताना विद्यार्थी हमखास फसतो. ७ टक्क्यांची तुलना यंत्राशिवायच्या नेहमीच्या चालण्याशी होती. २४ टक्क्यांची तुलना यंत्र अंगावर असून त्याची मदत बंद असतानाच्या चालण्याशी. कोणताही आकडा वाचताना ‘कशाच्या तुलनेत’ हे आधी विचारण्याची सवय लावून घ्यावी. २०२२ साली प्रयोगशाळेबाहेर, स्वतःच्या बॅटरीवर चालणाऱ्या उपकरणाने साध्या बुटांच्या तुलनेत ठरावीक अंतराला १७ टक्के ऊर्जा वाचवली. तो आकडा मला या तिघांत सर्वांत भरवशाचा वाटतो.

यंत्र उत्तम आणि तरी वापरात नाही, ही या क्षेत्राची सर्वांत दुखरी बाजू आहे. टोरंटोच्या इलेन बिडिस आणि टॉम चाऊ यांनी २००७ साली पंचवीस वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला. केबलवर चालणारे कृत्रिम हात प्रौढांपैकी २६ टक्के आणि मुलांपैकी ४५ टक्के नाकारत होते. विजेवरच्या हातांसाठी हेच प्रमाण २३ आणि ३५ टक्के होते. हात जड होतो, गरम होतो, आणि त्याच्याविना काम लवकर उरकते, अशा कारणांनी माणसे तो काढून ठेवतात. त्यांना ‘असहकारी रुग्ण’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. नाकारणे हाही चाचणीचा निकाल आहे, आणि त्याची नोंद तितक्याच काळजीने व्हायला हवी.

काही वेळा उत्तर यंत्रात नसते, शस्त्रक्रियेत असते. पाय कापताना जोडीने काम करणारे स्नायू एकमेकांपासून तुटतात आणि पाऊल कुठे आहे ही जाणीव हरपते. एमआयटीचे ह्यू हेर, ज्यांनी स्वतः गिर्यारोहणात हिमदंशाने दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावले, त्यांच्या गटाने ही जोडी स्टंपमध्ये पुन्हा बांधण्याच्या शस्त्रक्रियेचे निष्कर्ष २०२४ साली मांडले. १४ जणांपैकी ज्या सात जणांवर ती झाली होती, त्यांचा कमाल चालण्याचा वेग इतरांपेक्षा ४१ टक्के जास्त होता. सर्जन आणि अभियंता एकाच टेबलाशी बसल्याशिवाय हे झाले नसते.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. अभियांत्रिकीकडून येणाऱ्यांनी त्वचा आणि सॉकेट यांची प्रकरणे आधी वाचावीत, नियंत्रणप्रणालीकडे मग यावे. फिजिओथेरपी आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी ऊर्जामापनाचे प्रकरण गाळू नये. त्यातले गणित बारावीच्या पलीकडे जात नाही. स्वतः कृत्रिम अवयव वापरणाऱ्या वाचकांनी शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात केली तरी चालेल. त्यात जमिनीवर बसून उठणे, ओल्या फरशीवर चालणे, कडेवर मूल घेऊन जिना उतरणे, गर्दीच्या लोकलमध्ये चढणे अशा कामांवर आधारलेल्या चाचण्यांचा एक कच्चा आराखडा दिला आहे. त्यात काय राहून गेले, कोणते काम चुकीच्या क्रमाने घातले आणि कोणते रोज करावे लागते, हे त्यांनी कळवावे; पुढच्या आवृत्तीत ते प्रकरण त्यांच्या उत्तरांवरून नव्याने लिहायचे ठरले आहे.