मधाने केस पांढरे होतात की सोनेरी? एका जुन्या समजुतीचा इतिहास

मागच्या उन्हाळ्यात वाईजवळच्या एका गावातून आजी आणि नात माझ्या दवाखान्यात आल्या. नात साताऱ्याला कॉलेजात शिकते. तिच्या कपाळावर केसांच्या कडेने आणि मानेवर काळपट पट्टे उठले होते, मध्ये मध्ये लाल चट्टे आणि खाज. चौकशी केल्यावर कळले की मोबाइलवर बघून तिने मध, लिंबाचा रस आणि दालचिनीची पूड यांचा लेप केसांना लावला होता आणि तासभर गच्चीवर उन्हात बसली होती. असे सलग चार रविवार. केस 'नॅचरल' सोनेरी व्हावेत म्हणून.

आजीची तक्रार वेगळीच होती. "डॉक्टर, हिला शंभरदा सांगितलं, मधाचा हात केसाला लावू नको, केस पांढरे होतील. पण ऐकेल तर शपथ!"

मला गंमत वाटली. आजीला ज्या मधाची भीती, त्याच मधाकडून नातीला आशा. मध केसांचा रंग घालवतो, यावर मात्र दोघींचे एकमत! हा समज आला कुठून आणि त्यात किती तथ्य आहे, ते आज पाहू.

आपल्या डोंगरातला मध

सातारा जिल्ह्याला मध नवा नाही. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या जंगलात आग्या, सातेरी आणि फुलोरी माश्यांची पोळी पूर्वापार आहेत. जांभूळ, हिरडा, गेळा आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी यांच्या फुलोऱ्यावर इथला मध तयार होतो. पूर्वी धूर करून, पोळे पिळून मध काढत. पुढे सातेरी माश्या लाकडी पेटीत पाळण्याचे काम महाबळेश्वर भागात रुजले. पुण्यात 1962 साली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे 2022 साली देशातील पहिले 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले.

इतका मध घरात असूनही आपल्या बायकांनी तो केसांना कधी लावला नाही. केसांसाठी माका, आवळा, जास्वंद, शिकेकाई. सगळा खटाटोप केस काळे राहावेत म्हणून. मध मात्र खाण्यासाठी, औषधाच्या अनुपानासाठी आणि जखमेसाठी. सुश्रुतसंहितेतही जखमेवर मध आणि तूप लावायला सांगितले आहे. 'मधाचे बोट केसाला लागले की केस पांढरा' ही भीती तर घरोघरी ऐकू येते.

व्हेनिसच्या गच्च्या

मध केसांचा रंग उतरवतो असे युरोपातही मानत. फरक इतकाच की तिथे त्यांना ते हवे होते. सोळाव्या शतकात इटलीतील व्हेनिस शहरात सोनेरी केसांचे वेड होते. तिथल्या बायका केसांना निरनिराळी पाणी लावून घराच्या गच्चीवर उन्हात बसत. चेहरा काळवंडू नये म्हणून डोक्यावर रुंद काठाची, पण वरून उघडी टोपी घालत आणि त्या भोकातून केस बाहेर काढून काठावर पसरत. 1590 साली छापलेल्या चेझारे वेचेल्लिओ यांच्या वेशभूषेवरील पुस्तकात याचे वर्णन आणि चित्र आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये ह्यू प्लॅट यांनी बायकांसाठी घरगुती कृतींचे पुस्तक लिहिले. त्यात मधापासून काढलेल्या अर्काने केस पिवळे करण्याची कृती आहे.

म्हणजे आमच्या वाईच्या मुलीने गच्चीवर जे केले, ते व्हेनिसच्या बायकांनी चारशे वर्षांपूर्वीच करून पाहिले होते! त्यांचे केस फिके होतही असत. पण त्यात मोठा वाटा उन्हाचा होता. केसाचा रंग मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे असतो आणि सूर्यप्रकाशातील अतिनील किरण ते हळूहळू मोडतात. माण-खटावच्या माळावर दिवसभर शेळ्यांमागे फिरणाऱ्या पोरांचे केस टोकाला तांबूस दिसतात, ते त्यामुळेच. त्यांनी कुठे मध लावलेला असतो?

पॅरिसचे प्रदर्शन आणि मधातले कोडे

1818 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ थेनार्ड यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड शोधले. पाण्यासारखेच दिसणारे, पण रंग मोडून काढणारे द्रव्य. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचे रसायनतज्ज्ञ थिएले आणि पॅरिसचे केशकर्तनकार ह्यूगो यांनी ते केसांवर वापरून दाखवले. पार्लरमधल्या आजच्या ब्लीचचा उगम तिथला.

इकडे मधाबद्दल एक कोडे होते. मध लावलेली जखम सहसा कुजत नाही, ती का? 1937 साली जर्मन संशोधकांनी मधातील या अज्ञात जंतुरोधक गुणाला 'इनहिबिन' असे नाव दिले. 1962-63 च्या सुमारास अमेरिकेत जोनाथन व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते कोडे सोडवले. इनहिबिन म्हणजे दुसरे तिसरे काही नसून हायड्रोजन पेरॉक्साइडच!

ते मधात येते कसे? कामकरी माशी फुलातल्या मकरंदात आपल्या ग्रंथीतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एन्झाइम मिसळते. हे एन्झाइम साखरेपासून थोडे थोडे पेरॉक्साइड बनवते, त्यामुळे पातळ मकरंद पोळ्यात आंबत नाही. मध पिकून घट्ट झाला की हे काम जवळजवळ थांबते. त्यात पाणी मिसळले की पुन्हा सुरू होते.

म्हणजे आजी आणि नात दोघींच्याही म्हणण्यात तथ्याचा एक कण होता. पण कणच!

थोडा हिशोब करू

पाणी मिसळलेल्या एक लिटर मधात सर्वसाधारणपणे 30 ते 70 मिलिग्रॅम पेरॉक्साइड तयार होते. केसांच्या ब्लीचमध्ये ते 6 टक्के असले, तर एका लिटरमध्ये 60 ग्रॅम, म्हणजे 60,000 मिलिग्रॅम झाले. फरक जवळजवळ हजार पटींचा. शिवाय पेरॉक्साइड केसाच्या आत शिरावे म्हणून ब्लीचमध्ये अमोनियासारखे अल्कली घालतात. मध तर आम्लधर्मी आहे. त्यात आपल्या केसांत काळे मेलॅनिन भरपूर. आणि तापवलेल्या मधात ते एन्झाइमही नष्ट झालेले असते.

त्यामुळे मधाने आपले काळे केस सोनेरी होण्याची आशा धरू नये. फार तर चिकटपणाने केस मऊ आणि चमकदार वाटतील. नातीच्या केसांत जो किंचित तांबूसपणा आला होता, तो गच्चीवरच्या उन्हाचा.

आजीची भीतीही खरी नाही. केस पिकतो तो मुळाशी. तिथल्या रंग बनवणाऱ्या पेशी थकल्या की नवा केस बिनरंगाचा उगवतो. डोक्यावर आलेला केस मधाचे बोट लागून पिकत नाही. गंमत म्हणजे 2009 साली युरोपातील संशोधकांनी दाखवले की वयानुसार केसांच्या मुळांत आपल्याच शरीरात बनणारे पेरॉक्साइड साठते आणि केस पिकण्यामागचे ते एक कारण असू शकते. पण ते आतले, मधातले नव्हे.

मग मुलीला त्रास कशाचा झाला? लिंबाच्या रसातील काही द्रव्ये त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा भाजल्यासारखी होते आणि मागे काळे डाग राहतात. दालचिनीने अनेकांना ॲलर्जी होते. 'नॅचरल' म्हणजे निर्धोक, हे समीकरण चुकीचे आहे. तिचे डाग जायला तीन महिने लागले.

केस आपोआप भुरे झाले तर

आता या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग. ज्या रंगासाठी आज मुली धडपडतात, तो आपल्याकडे एके काळी भुकेची खूण होता. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1930 च्या दशकात आफ्रिकेतील मुलांमधल्या क्वाशिओरकर या कुपोषणाच्या आजाराचे वर्णन केले. त्यात केस तांबूस, विरळ होतात आणि सहज उपटून येतात. मूल काही महिने उपाशी, काही महिने नीट खाणारे असेल तर एकाच केसावर फिका आणि काळा असे पट्टे दिसतात. मिरजेला शिकत असताना आम्हाला शिक्षक सांगत, केस वाचायला शिका, त्यात मुलाच्या जेवणाचा इतिहास लिहिलेला असतो. माण, खटाव, जत, आटपाडीच्या म्हाताऱ्या माणसांना 1972 चा दुष्काळ, ती सुकडी आणि तो मिलो आजही आठवतो. भुऱ्या केसांची, फुगल्या पायांची पोरे त्यांनी पाहिली आहेत.

म्हणून एवढे लक्षात ठेवा:

- उन्हात खेळणाऱ्या, वजन नीट वाढणाऱ्या मुलाचे केस टोकाला तांबूस असतील तर काळजी नको. पण केस भुरे आणि विरळ, वजन वाढत नाही, पायावर सूज, मूल किरकिरे किंवा मलूल, असे असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा.
- पंचविशीच्या आत बरेच केस पिकू लागले तर मधाला दोष देऊ नका. बऱ्याचदा ते आनुवंशिक असते, पण बी-12 ची कमतरता आणि थायरॉइड तपासून घ्या.
- केसांना रंग किंवा ब्लीच करायचेच असेल तर आधी कानामागे थोडेसे लावून 48 तास थांबा. डोक्यावर जखम किंवा पुरळ असताना करू नका.
- एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका, बारशालाही नाही. त्यातून बोट्युलिझम हा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो.

जाताना आजीने विचारले, "मग घरातल्या मधाचं करायचं काय?" म्हटले, "आजी, भाकरीबरोबर खा. खोकला झाला तर नातीला चमचाभर द्या. तुमचे केस पांढरे झाले ते वयाने, आणि छान दिसतात."

नात हसली. आजीने पदर सावरला, पण मधाचा हात केसाला लावणार नाही हे मला नक्की माहीत आहे!