अजिंठ्याचे जहाज आणि ‘कौंडिण्य’ नौका

अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात रंगवलेले शिडाचे जहाज आणि त्याच्या आधारे भारतीय नौदलासाठी गोव्यात बांधलेली शिवलेली नौका ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’. चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. नौका 2025 मध्ये पाण्यात उतरली.

अजिंठ्यातील दुसऱ्या बहराची लेणी ज्यांच्या राज्यात खोदली गेली, ते वाकाटक वत्सगुल्म शाखेचे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव. हरिषेण हा या शाखेचा सर्वांत बलाढ्य राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे कोरवून घेतले. तिथल्या लेखात हरिषेणाच्या संदर्भात त्रिकूट आणि लाट ही नावे येतात. म्हणजे उत्तर कोकण आणि दक्षिण गुजरात, दोन्ही बंदरांचे प्रदेश. लेखाचा काही भाग झिजल्यामुळे त्याने ते जिंकले होते की केवळ दबावाखाली ठेवले होते, यावर अभ्यासकांत एकमत नाही. मात्र समुद्र कधी न पाहिलेल्या वऱ्हाडाच्या राजवटीत जहाजाचे इतके बारकाईचे चित्र कसे निघाले, याचे उत्तर त्या बंदरांकडे नेणाऱ्या व्यापारी वाटांवर शोधावे लागते.

चित्राचा विषय पूर्णावदानाची कथा आहे. पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा व्यापारी. पुढे तो भिक्षू झाला. चंदन घेऊन परतणारे त्याच्या भावाचे जहाज यक्षाने उठवलेल्या वादळात सापडते आणि पूर्ण ते वाचवतो. चित्रात तीन डोलकाठ्या, तीन उंच शिडे, दिशा देणारी मोठी वल्ही, नाळेवर रंगवलेला डोळा आणि जहाजावर मांडलेले रांजण दिसतात. रांजणांत पिण्याचे पाणी होते की विक्रीचा माल, हे ज्याने त्याने ठरवावे.

यावरून नौका बांधायची तर अडचण उघड आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी 1817 मध्ये सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते. तिच्यामागे नौदलाचे नकाशे होते. अजिंठ्याच्या जहाजामागे फक्त भिंत. चित्रकाराने एक बाजू दाखवली. तळ, रुंदी, आतली बांधणी यांतले काहीच नाही. म्हणून ‘कौंडिण्य’ला प्रतिकृती म्हणणे सैल बोलणे आहे. ती चित्राला धरून केलेली तर्काची बांधणी आहे, आणि त्यातच तिची खरी किंमत आहे.

संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्याची ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात जुलै 2023 मध्ये करार झाला. कल्पना अर्थतज्ज्ञ संजीव सान्याल यांची. बांधणीचा आरंभ 12 सप्टेंबर 2023 रोजी झाला. केरळचे कुशल नौकाबांधणी कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या चमूने फळ्या वाफेवर मऊ करून वाकवल्या, कडेला कड लावून काथ्याच्या दोरीने शिवल्या आणि सांधे नारळाचा काथ्या, राळ व माशाचे तेल यांनी बुजवले. खिळा नाही. शिवलेला सांगाडा लाटेबरोबर किंचित लवतो, तर खिळ्यांचा ताठ राहून झटका अंगावर घेतो. मात्र दोरी कुजते, म्हणून अशी नौका वरचेवर पुन्हा शिवावी लागे. पाण्यातल्या वागणुकीची चाचणी मद्रास आयआयटीने नमुना करून घेतली. वाकाटकांच्या सुताराला ही सोय नव्हती.

फेब्रुवारी 2025 मध्ये नौका पाण्यात उतरली आणि 21 मे रोजी कारवारच्या तळावर नौदलात दाखल झाली. नाव मिळाले ते आग्नेय आशियातील फुनान राज्याच्या परंपरेतील भारतीय दर्यावर्दी कौंडिण्याचे. सजावट मात्र अठरा धान्यांचे कडबोळे आहे: शिडावर कदंबांचा गंडभेरुंड, नाळेवर सिंहयाळी, फळीवर हडप्पा धाटणीचा दगडी नांगर. वत्सगुल्माची एखादी खूण असती तर वऱ्हाडाला बरे वाटले असते.

नौकेला चौकोनी शिडे आहेत, इंजिन नाही. म्हणजे वारा पाठीशी मिळेल असाच मोसम आणि मार्ग निवडणे भाग. 29 डिसेंबर 2025 रोजी ती पोरबंदरहून ओमानकडे निघाली ती हिवाळ्यातल्या ईशान्येच्या वाऱ्यांवर, आणि जानेवारी 2026 च्या मध्यास मस्कतला पोचली.